इंदुताईंचा फॉन्ट

इंदुताई तायडे यांचे गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकोल्यात, जुने शहर भागातल्या धाकट्या बहिणीच्या घरी निधन झाले. मूत्रपिंडाचा विकार होता. मुलगा प्रशांत याचा संदेश दुपारी मोबाइलवर आला. तो इंग्रजीत होता.

अमरावतीच्या एका छोट्या दैनिकात मी बातमीदार होतो आणि इंदुताई ऑपरेटर होत्या. आम्ही हाताने लिहिलेल्या बातम्या त्या संगणकावर टाइप करत. टंकलेखन त्या जुन्या यंत्रावर शिकल्या होत्या, म्हणून संगणकावरही त्यांनी तीच कळरचना ठेवली होती. कळफलकाकडे त्या कधीच पाहत नसत. बातमीतली चूक गुपचूप दुरुस्त करण्याची त्यांना सवय नव्हती, त्या साऱ्या खोलीला ऐकू जाईल असे विचारत. "भाऊ, 'घटनास्थळी धाव घेतली' लिहिलं तुमी. रिक्षानं गेले होते ना?" दैनिक बंद पडले तेव्हा कार्यालयातला एक संगणक त्यांनी घरी आणला आणि त्यावर लोकांची पुस्तके, स्मरणिका, निवडणुकीची पत्रके करून दिली. ती कामे कमी होत गेली तशी त्यांनी स्वतःचे लिहायला घेतले.

माहेर चांदूर बाजारकडचे. त्यांची आई आणि वस्तीतल्या बायका संत्र्याच्या हंगामात शेडमध्ये फळे निवडायला जात. त्या बायकांवर, त्यांच्याच बोलीत, इंदुताई पुस्तक लिहीत होत्या. मी त्यातले एक प्रकरण पडद्यावर वाचले होते. त्यात सगुणाबाई नावाची एक बाई होती. मुकादम "हात चालवा" म्हणून ओरडला की ती म्हणायची, "हातच चालून राहिले बाप्पा, जीभ तं तुयी चालते." त्यापुढची तिची वाक्ये या पुरवणीत छापता येणार नाहीत. त्या बायकांपैकी आता कोणी हयात नाही. प्रिंट काढून ठेवा, असे मी सुचवले होते. दुसऱ्यांच्या पुस्तकांची चार-चार प्रुफे काढणाऱ्या या बाईने स्वतःच्या मजकुराचे एकही काढले नव्हते. "पुरं होऊ द्या, मंग काढतो. अर्ध्या पोळीले कोनी तूप लावते का?" असे त्यांचे उत्तर होते.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या काळचे मराठी फॉन्ट आजच्यासारखे नव्हते. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असत. फॉन्ट संगणकावर असेल तर ती मराठी दिसत, नसेल तर पडद्यावर नुसता कचरा दिसे. छापखान्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. छापखान्याबाहेर सहसा कोणाला नसते.

गेल्याच्या मागच्या दिवाळीत प्रशांत पुण्याहून अमरावतीला आला. इंदुताई तेव्हा बहिणीकडे अकोल्याला होत्या. संगणक सुरू होऊन फाइल उघडेपर्यंत आईचा चहा पिऊन होतो, हे तो अनेक वर्षे पाहत होता. आई परत येण्याआधी त्याने तो दुकानात नेला. रॅम वाढवली, जुनी ऑपरेटिंग सिस्टीम काढून नवी घातली. डिस्क तीच, पण पूर्ण पुसून वापरली. दुकानदाराने सगळ्या फाइली आधी पेनड्राइव्हवर काढून घेतल्या होत्या, हेही इथे नमूद केले पाहिजे. नव्या सिस्टीममध्ये त्याने त्या उघडून पाहिल्या. पडद्यावर कंस, टिंबे, उलटसुलट इंग्रजी अक्षरे. त्याने व्हायरस आहे असे सांगितले. प्रशांतनेही पाहिले. त्याचे सारे शिक्षण इंग्रजी माध्यमातले, आईने ते हट्टाने करवले होते. सगळ्याच फाइली तशा दिसल्यावर दोघांनी मिळून ठरवले की, नव्या सिस्टीमला लागण नको. पेनड्राइव्हही फॉरमॅट केला.

हे मला दोघांनीही वेगवेगळे सांगितले आहे. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

इंदुताई परतल्या तेव्हा संगणक झटक्यात सुरू झाला. मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. प्रशांत म्हणाला, "आई, स्पीड पाहिली का?" त्या म्हणाल्या, "पाहिली. आता माह्या बायका दाखव." त्याला काही कळले नाही... फाइलींचे विचारतात हे लक्षात आल्यावर त्याने व्हायरसचे सांगितले. त्यांनी विचारले, कसा दिसत होता? त्याने वर्णन केले. मग त्या म्हणाल्या, "तो वायरस नोयता बापू. ते मराठी होतं."

पुन्हा लिहून काढा, असे सगळ्यांनी सांगितले. मीही सांगितले. त्यांचे जुने सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालेना. नव्या कळरचनेवर त्यांची बोटे सवयीच्या जागी पडत आणि पडद्यावर भलतीच अक्षरे उमटत. प्रशांतने फोनवर बोलून टाइप करायची सोय करून दिली. त्यांनी प्रयत्न केला. त्या 'मले' म्हणत, पडद्यावर 'मला' येई. 'तुयी' त्याला समजतच नसे. सगुणाबाईची शिवी आली की तिच्या जागी चांदण्या उमटत. "सगुणीले मी शिव्या देऊ देतो," त्या मला म्हणाल्या, "अन् हे मशीन तिले पुण्याची करून राहिलं." दोन-तीनदा करून त्यांनी ते सोडले. पुढे आजारपण वाढले आणि बहिणीने त्यांना अकोल्याला नेले.

अकोल्यात मी त्यांना एकदाच भेटलो. पुस्तकाचा विषय मी काढला. त्या म्हणाल्या, "भाऊ, आता आठवते ते गोष्टीसारखं आठवते. लिहिलं होतं ते तसं नोयतं." नंतर बातम्यांविषयी बोलल्या... आता कोण कुठल्या पेपरात आहे, असे काही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात प्रशांत चार शब्द बोलला. आईला लिहिण्याची आवड होती, एका व्हायरसमुळे तिचे लिखाण गेले, असे तो म्हणाला. इंदुताईंची बहीण रमाबाई समोरच बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "वायरस काहून म्हनतं बापू? तू होता ना तिथं." भंतेजींनी डोळे मिटून घेतले. प्रशांत खाली बसला.

त्यानंतर आठवड्याने त्याने मला फोन केला. संगणकातली डिस्क त्याने काढून आणली होती. अमरावतीत पुसलेल्या फाइली परत मिळवून देणारे एक दुकान आहे. आम्ही दोघे तिथे गेलो. दुकानदाराने सांगितले की, पुसलेल्या जागेवर नवी सिस्टीम लिहिली गेली आहे, हाती फारसे लागणार नाही. बहुतेक फाइलींची नुसती नावे निघाली. 'सगुणा', 'शेड', 'मुकादम', 'आई'. त्या उघडल्या तेव्हा आत काही नव्हते. एका फाइलीचे नाव गेले होते, मजकूर मात्र शाबूत होता. पडद्यावर तो कंस आणि टिंबांचाच दिसला. चांदूर रेल्वेला ओळखीच्या एका छापखान्यात जुन्या सिस्टीमचा एक संगणक अजून चालू आहे आणि त्यात तो फॉन्ट आहे. तिथे आम्ही ती फाइल उघडली. मजकूर मराठीत, एका पानाचा, पूर्ण वाचता आला.

ती प्रशांतच्या लग्नाची पत्रिका होती.