गाव सांग, मंग लाईट

"भूत नसते. आता भ्या बिनधास्त."

भुताचा सिनेमा सुरू व्हायच्या आधी, पडद्यावर अजून पाट्याच चाललेल्या असताना, आमच्या ऑफिसातले भाऊ शेजारच्या खुर्चीकडे वळून एवढं सांगून टाकायचे. शेजारी ओळखीचा असो की अनोळखी. एकदा एक नवं जोडपं यामुळे उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलं. भाऊंना त्याचं काही नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं. मग ते जे भ्यायला लागायचे ते शेवटपर्यंत. पाय खुर्चीवर घ्यायचे, "माय वं!" म्हणून ओरडायचे, आणि मध्येच पडद्यावरच्या बाईवर खेकसायचे, "अंधारात कायले जाऊन राह्यली? लाईट लाव ना आधी!"

त्यांचं नाव सांगत नाही. वर्ध्याच्या वीज कार्यालयात ते फोरमन होते आणि मी तक्रारींच्या फोनवर. लोकांच्या शिव्या मी ऐकायचे आणि लाईन दुरुस्त करून घ्यायचं काम त्यांचं. आमचं जमायचं, कारण दोघंही तापट. "ताई, तुमचं डोकं लगेच उडते," असं मला सुनवायचे आणि चहा संपायच्या आत स्वतःच कुणावर तरी उखडलेले असायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. त्याच्या रागाला सगळे हसतात आणि अडचण आली की पहिला फोन त्यालाच करतात.

भाऊ आंजीकडचे. घर धम्म घेतलेलं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच उतारे, अंगारे, अंगात येणं हे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं होतं. म्हणून ऑफिसातले लोक चिडवायचे, "भाऊ, भुतावर विश्वास नाई आन् पिच्चर सारे भुताचेच?" भाऊ म्हणायचे, "विश्वास असता तं घरीच भेलो असतो. तिकीट कायले काढलं असतं?"

यातली खरी गोष्ट त्यांनी मला एकदा कँटीनमध्ये सांगितली. आवाज न चढवता सांगितलेली त्यांची तेवढी एकच गोष्ट मला आठवते.

"माही बहीण दहावीत होती. मिरगीचे झटके यायचे तिले. सेवाग्रामचा दवाखाना सायकलनं जायच्या अंतरावर. पन बाप भ्याला, ताई. ज्या माणसानं घरात कधी लिंबू उतरवू देल्लं नाई, तो भ्याला आन् तिले चोरून बाबाकडे घेऊन गेला. मीही संग होतो. मिरच्याची धुरी देल्ली तिले. कोंडून. मेली माही बहीण."

भाऊंनी बशीतला चहा संपवला.

"भेव वाटलं की माणूस अक्कल गहाण टाकते. म्हून मी पैसे देऊन भेतो. सवय पाहिजे. भ्याचं, पन डोकं चालू ठेवाचं."

तर अशा माणसाला कळलं, की वर्ध्यात भयपटांच्या चाहत्यांचा मेळावा भरणार आहे. काही हौशी पोरांनी मोबाईलवर ग्रुप काढला होता आणि नागपूर रोडवरचं एक मंगल कार्यालय रविवारपुरतं घेतलं होतं. भाऊ आठवडाभर हवेत. जन्मभर लोकांनी येडा म्हटलेलं, आणि आता गावातच येड्यांची सभा. वहिनींनी येणार नाही म्हणून हात झटकले. मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही चाला. आपल्यासारखे अजून आहेत म्हणते." मला भुताचे सिनेमे अजिबात आवडत नाहीत. पण त्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि कानात घातलेला अत्तराचा फाया पाहून नाही म्हणवेना.

मेळावा पाहून मी आधी हसले. लग्नाच्या कमानीला थर्माकोलच्या कवट्या टांगलेल्या. आलुबोंड्याला भूतबोंडा म्हणत होते आणि त्याच नावाखाली दोन पैसे जास्त घेत होते. मे महिन्याच्या उकाड्यात तोंडाला पांढरा रंग फासलेली पोरं घामानं पट्टे पट्टे झालेली. पण लगेच दिसलं, की पोरांचे वेष म्हणजे लांब कोट, सुळे, ऐट. आणि बाईचं भूत म्हटलं की पांढरी साडी, मोकळे केस, कपाळ कोरं. म्हणजे विधवाच. जिवंतपणी तिला लग्नाच्या पंगतीत बसू द्यायचं नाही आणि मेल्यावर तिलाच घाबरायचं. माझं डोकं तिथूनच तापायला लागलं होतं.

भाऊंना यातलं काही दिसत नव्हतं. ते लग्नघरातल्या मामासारखे फिरत होते. कुणाशी जुन्या व्हिडिओ पार्लरच्या गप्पा, कुणाशी पावलांच्या आवाजावर वाद. एका पोराला तर त्यांनी दरवाजा करकरण्याचे तीन प्रकार तोंडानं काढून दाखवले. पोरं "काका, काका" करत भोवती जमली. दुपारी प्रत्येकानं आपल्या पहिल्या भयपटाबद्दल बोलायचं होतं आणि भाऊंचंही नाव त्यात होतं. ते मनातल्या मनात घोकत होते. इतका आनंदी माणूस मी त्या ऑफिसात कधी पाहिला नव्हता, आणि त्या दिवसाचं पुढे जे झालं त्याबद्दल मला म्हणूनच जास्त राग आहे.

त्याआधी पाहुण्यांचं भाषण होतं. काळा कुर्ता, बोटांत खड्यांच्या अंगठ्या, आत्म्यांचा अभ्यासक अशी ओळख. म्हणाला, सिनेमे खूप पाहिले, आता खरं पाहा. आपल्याच जिल्ह्यातलं.

पडद्यावर एक मुलगी आली. चौदा-पंधरा वर्षांची. ओसरीच्या खांबाला ओढणीनं बांधलेली. हातपाय ताठ, मान मागे, डोळे पांढरे, तोंडाला फेस. बाजूला निखाऱ्यांचं घमेलं. कुणीतरी विचारत होतं, "बोल, कोण आहेस तू?" आणि या माणसानं त्याला मागून ढोल आणि किंचाळ्यांचं संगीत लावलं होतं. हॉलमधून शिट्ट्या आल्या. कुणी ओरडलं, "वन्स मोर!"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांची खुर्ची रिकामी होती.

पुढच्या क्षणी पडदा गेला, दिवे गेले, कूलर गेले. खिडक्यांना काळं कापड लावलं होतं, त्यामुळे भरदुपारी काळोख. हॉल आनंदानं किंचाळला. मग स्टेजशेजारून आवाज आला.

"ही पोट्टी कोण्या गावची आहे?"

भाऊ मेन स्विच पाडून त्याच्यासमोर उभे होते. मोबाईलचे टॉर्च त्यांच्या तोंडावर पडले.

पाहुणा म्हणाला, "हे पाहा, अशी माहिती आम्ही बाहेर देत नसतो."

"तिच्या अंगात कोनी नाई. झटका आला आहे तिले. तिले बांधून ठेवलं आहे आन् तू गाणे लावून राह्यला? गाव सांग, मंग लाईट येईन."

टाळ्या पडल्या.

होय, टाळ्या. पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. भाऊंना ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांचा आवाज फुटला होता. "माही बहीण अशीच मेली! धुरीत कोंडून मेली! मी दाराबाहेर उभा होतो, तिचा खोकला आयकत होतो!" टाळ्या आणखी वाढल्या. "काका, एक नंबर!" कुणीतरी टॉर्च डावीकडे-उजवीकडे हलवायला लागलं आणि सगळ्यांनी तसंच केलं.

मी खुर्चीवर चढून ओरडले, "अरे गप बसा, हे खरं आहे!" तर मागून एक जण म्हणाला, "आता काकूंची एन्ट्री!" त्याही वाक्याला टाळ्या मिळाल्या. मी आयुष्यात पुष्कळ लोकांवर चिडले आहे. पण त्या अंधारात माझा राग जसा वाया गेला तसा कधी गेला नाही. भुताचं सोंग काढलेल्या पोराला तुम्ही घाबरता आणि रडणाऱ्या माणसाला दाद देता, हे कुठून शिकलात रे? मला आजही त्यांच्यातला एकेक चेहरा धरून विचारावंसं वाटतं.

शेवटी पाहुण्यानं गावाचं नाव सांगितलं. लाज वाटून नाही. वर्ध्याचा मे महिना, कूलर बंद, आणि अंगावर काळा कुर्ता. भाऊंनी ते नाव त्याच्याकडून दुसऱ्यांदा वदवून घेतलं, मुलीच्या बापाचं नाव विचारलं, आणि स्विच वर केला. दिवे आले तसा सगळा हॉल उभा राहिला. एका पोरानं धावत येऊन सर्वोत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस म्हणून प्लॅस्टिकची कवटी भाऊंच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला. ते तिच्याकडे न बघता बाहेर पडले. मी ती घेतली आणि दारातल्या भूतबोंड्याच्या कढईत टाकली. त्याबद्दल मला काहीही वाटत नाही.

तसेच निघालो. भाऊंची मोटारसायकल, मागे मी, पदर तोंडाला गुंडाळून. गाव आंजीच्याही पुढे, रोहण्याच्या पलीकडे. मुलीच्या बापाची पिठाची चक्की होती. रविवारीही सवयीनं भाऊंच्या खिशाला लटकलेलं ऑफिसचं ओळखपत्र पाहून तो बिचारा घाबरलाच.

"मीटर बरोबर आहे साहेब. पाहून घ्या."

"मीटर पाह्यले नाई आलो. पोट्टी पाह्यले आलो."

मुलगी आत पीठ चाळत बसली होती. मनगटांवर ओढणीचे वळ होते. आपला व्हिडिओ कुणाकुणाला दाखवला गेला, हे तिला माहीतही नव्हतं. त्या काळ्या कुर्त्यावाल्यानं उतारा करून देतो म्हणून चित्रण केलं होतं, असं बाप म्हणाला. मग भाऊंनी बापाला जे फैलावर घेतलं, ते ऐकायला अख्खी गल्ली जमली. बापानं मान खाली घातली, पण म्हणत राहिला, "बाहेरचं आहे साहेब. डाक्टरचं काम नाई."

भाऊ बोलता बोलता थांबले. चक्कीच्या ओट्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"तू भ्याला," ते म्हणाले. "माहा बापही भ्याला होता. वाईट नोयता तो. पन मंग जन्मभर माह्याकडे पाहू शकला नाई. तू तसा नको होऊ."

दुसऱ्या दिवशी बाप-लेक सेवाग्रामला आले. भाऊ दवाखान्याच्या फाटकावर आधीच जाऊन उभे होते. मिरगीच निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत, आम्ही सांगू तेव्हाच थांबवायच्या. आणि इथेच खरी लढाई सुरू झाली. झटके थांबले की बाप म्हणायचा, आता बरी आहे, कशाला गोळ्या? शिवाय मिरगीची गोळी चालू आहे म्हटलं तर उद्या सोयरीक कोण करणार? मग भाऊ फोन करायचे. मी शेजारी बसून ऐकायचे. हालहवाल नाही, काही नाही, फोन उचलला की सुरू. "गोळी देल्ली काय? मंग तिलेच दे फोन. तू खोटा बोलते." कधी फोननं भागलं नाही तर गाडी काढून जायचे. मुलगी अकरावीत गेली, बारावीत गेली. तिचा बाप चक्कीवर येणाऱ्या बायकांना सांगायचा म्हणे, "साहेब लय रागावते आमच्यावर." तेही कौतुकानं.

भाऊंनी त्यानंतर भुताचा सिनेमा पाहिला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लोकायची भेव घ्यायची तऱ्हा पाह्यली ना आपण. आता मजा नाई येत." त्यांच्या आयुष्यात चैन म्हणून एवढी एकच होती. तीही त्या पोरांनी टाळ्या वाजवून घालवली, आणि आपण काही घालवलं याचा त्यांना पत्ताही नाही.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. छातीत दुखायला लागलं, तसे स्वतःच वेळेत दवाखान्यात गेले. वहिनींना म्हणाले, घाबरू नको. सगळं शहाणपणानं केलं आणि तरी गेले, यावर कुणावर चिडायचं हे मला अजून कळलेलं नाही. मेळाव्याला नाव दिलं तेव्हापासून मीही ज्या ग्रुपवर होते, तिथे पोरांनी त्यांचा तो अंधारातला व्हिडिओ पुन्हा टाकला. खाली लिहिलं, 'काका, काय अभिनय होता, मिस यू.' सोबत कवटीचं चित्र. मी त्याखाली जे लिहिलं त्यामुळे मला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

परवा दुपारी माझा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. बोलणारी हळू आवाजात बोलत होती, मागे चक्कीची घरघर.

"ताई, मी बोलून राह्यली. काकायनं तुमचा नंबर देल्लता. बाबानं गोळ्या आणनं बंद केलं. मले पाह्यले पाहुणे येनार आहेत म्हणते."

"तू सांगितलं नाही त्यांना?"

"सांगतलं. माह्यं नाई आयकत. काका असते तं रागावले असते. आता कोन रागावन त्याईले? तुम्ही याल का?"

मी साहेबांना न विचारताच अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटर काढली. आंजी मागे पडेपर्यंत मी त्या माणसाला काय काय सुनवायचं ते मोठमोठ्यानं म्हणून पाहत होते, आणि रस्त्यानं जाणारे वळून वळून बघत होते.