पेटीच्या बटणापाशी

सकाळी दुकान उघडून अगरबत्ती लावत होतो, तेवढ्यात मंगलवहिनींचा फोन आला. "भाऊजी, पेटीच्या खोलीची किल्ली ह्यांच्या खिशात सापडली. आणायला कुणाला पाठवू?" आमच्या क्लबची मृतदेह ठेवायची शीतपेटी त्यांच्या यजमानांच्या, सुभाषशेठच्या गोडाऊनमध्ये असते. श्रीगोंद्यात किंवा आसपासच्या गावात कुणी गेलं आणि लांबचं कुणी यायचं असलं, की ती पोचवायचं काम सुभाषशेठच करायचे. त्यामुळे मी सवयीनं विचारलं, "कुणाच्या घरी न्यायचीय?" त्या म्हणाल्या, "आमच्याच." पहाटे झोपेतच गेले होते. याला आता दीड महिना होऊन गेला. त्या दिवशी मी अगरबत्ती हातात तशीच धरून शेजारच्या दुकानापर्यंत चालत गेलो होतो, हे मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं.

सुभाषशेठ मंडप कॉन्ट्रॅक्टर. लग्न असो, सप्ताह असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा, तालुक्यातली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांच्या खुर्चीवर बसलेली. माझं शेतीऔषधांचं दुकान. आमची ओळख क्लबातली. तालुक्याच्या गावी असतो तसा आमचा एक सेवाभावी क्लब आहे; डॉक्टर, वकील, व्यापारी, आठवड्याला मीटिंग, वर्षातून एकदा हारतुरे आणि जेवण घालून पदग्रहण, अधूनमधून रक्तदान आणि चष्मेवाटप. सुभाषशेठ खजिनदार होते, शिवाय दंड गोळा करायचं खातंही त्यांच्याकडेच. दंड ही आमच्याकडची गंमत. मीटिंगला उशीर झाला, दंड. कोटाला बिल्ला नाही, दंड. 'दोन शब्द बोलतो' म्हणून अर्धा तास खाल्ला तर जबर दंड. तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन ते रांगेनं फिरायचे, आणि चेहरा असा करायचे की नवा सभासद घाबरून दुप्पट टाकायचा. एकदा त्यांनी मला नव्या शर्टाबद्दल दंड केला. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कारण काय न्हाई अध्यक्ष, शर्ट लई चांगला हाय." अध्यक्षपद माझ्याकडे एकच वर्ष होतं. पण त्यांनी मला शेवटपर्यंत अध्यक्षच म्हटलं, आणि मीही ते कधी नाकारलं नाही.

पेटीची कल्पना त्यांचीच. मयतीच्या घरीही खुर्च्या आणि ताडपत्री त्यांचीच जायची, म्हणून जे आम्हाला दिसायचं नाही ते त्यांना दिसायचं. एका म्हातारीच्या घरी बर्फाच्या लाद्या लावल्या होत्या. मुलगा परदेशातून निघालेला. बर्फाचं पाणी उंबऱ्यावरून अंगणात येत होतं आणि सुना ते फडक्यानं टिपत होत्या. उन्हाळ्याचे दिवस, भावकीनं दुपारी निर्णय घेऊन टाकला आणि उरकून घेतलं. मुलगा पोचला तेव्हा सुभाषशेठ टेम्पोत खुर्च्या भरत होते. "मोकळ्या कॉटकडं बघत हुबा राह्यला वो पोरगा," एवढंच ते मीटिंगमध्ये म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पेटीसाठी पैसे मागायला बाहेर पडले. बड्यांकडून घेतले तसे भाजीवाल्यांकडून घेतले, तालमीतल्या पोरांकडून घेतले, कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून घेतले. त्या पैशांचं बँकेत वेगळं खातं काढलं. पेटीची ऑर्डर द्यायची तेवढी राहिली, आणि लॉकडाऊन लागला.

साखर कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड मंडळींच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. हंगाम संपत आलेला, जिल्ह्याच्या आणि तालुक्यांच्याही सीमांवर पोलीस, आणि पाथर्डीकडची, बीडकडची ही माणसं बायका-पोरांसकट रानात अडकलेली. क्लबानं अन्नछत्र सुरू केलं. पातेली, शेगड्या, सिलिंडर सुभाषशेठचे. आचारी त्यांचाच, तोही इथंच अडकलेला. लग्नसराई बुडाली होती, गोडाऊनच्या कर्जाचे हप्ते त्यांच्या मानगुटीवर होते, पण त्यांनी भाड्याचा विषय काढला नाही. पदग्रहणासाठी ठेवलेले पैसे पहिल्यांदा संपले. मग क्लबाची शिल्लक संपत आली. सभासदांची दुकानं बंद, त्यामुळे वर्गणीही येईना. एका संध्याकाळी मोबाईलवर मीटिंग भरली. मी अध्यक्ष. मी सरळ मांडलं, की आपल्याकडे पेटीचे पैसे पडून आहेत, ते आत्ता वापरू, पेटीचं पुढं बघू. सगळ्यांनी माना हलवल्या. चेकवर दोन सह्या लागायच्या, माझी आणि खजिनदाराची.

"न्हाई," सुभाषशेठ म्हणाले. "ते पैसे आपले न्हाईत."

मी चिडलो. मला आजही वाटतं, चिडण्यासारखंच होतं. परवापासून चूल बंद पडणार होती, आणि कोप्यांत दूध पिती पोरं होती. मी म्हणालो, "शेठ, जित्या माणसांच्या पोटात काही नाही, आणि तुम्ही मेलेल्यांसाठी पैसे धरून बसलाय?" मोबाईलच्या त्या चौकोनात त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "मेलेल्याला काय कळतंय अध्यक्ष? पेटी वाटेवरच्या माणसासाठी हाय. आणि मी ज्याच्यासाठी मागितलं, त्याच्यासाठीच देईन. उद्या मी कुठल्या तोंडानं कुणाच्या दारात जाऊ? अन्नाला पैसे मी उभे करतो. दोन दिवस द्या. न्हाई जमलं तर खजिनदार बदला, मी वाईट वाटून घेणार न्हाई." डॉक्टरसाहेबांनी तेवढ्यात माईक बंद करायचं विसरून बायकोला चहा मागितला, आणि सुभाषशेठ त्याच सुरात म्हणाले, "डॉक्टर, दंड."

इथून जे सुरू झालं त्याला आर्थिक नियोजन म्हणावं की चावटपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर त्यांचा हुकूम आला: अन्नवाटप करतानाचा स्वतःचा फोटो टाकला तर पाचशे रुपये दंड. हातात पळी असेल तर हजार. आम्हाला वाटलं आता फोटो बंद होतील. कसले बंद होतात! अहो, वाढले. घरात बसून कंटाळलेले, गेले दोन आठवडे बिल्ला लावायला न मिळालेले आमचे सभासद दंड भरायचे आणि पळी धरून उभे राहायचे. एका वकिलांनी भातात वाफ दिसत नाही म्हणून फोटो पुन्हा काढायला लावला, त्यांना डबल. डॉक्टरांनी तर आठवड्याचा दंड आगाऊ पाठवून दिला. चूल बंद पडली नाही. मी सुभाषशेठना फोन करून म्हटलं, "तुम्ही माणसं बरोबर ओळखता." ते म्हणाले, "मी लग्नं केल्यात अध्यक्ष. फोटोसाठी माणूस काय बी करतो."

त्यातच एकदा कोप्यांवर एक बाई खिचडीच्या पातेल्याकडे बघून म्हणाली, "दादा, किती दिस पिवळा भात? आमाला पीठ द्या, आमी थापतो की भाकरी." सुभाषशेठ माझ्याकडे वळले. "अध्यक्षांना दंड. इतके दिस विचारलं न्हाई." मी म्हणालो, तुम्ही तरी कुठं विचारलंत? त्यांनी खिशातून नोट काढली आणि स्वतःचाही दंड डब्यात टाकला. त्या दिवसापासून ज्वारीचं पीठ, तेल, मीठ, मिरची गेली, खर्च बराच उतरला, आणि संध्याकाळी कोप्यांपुढं चुली पेटलेल्या दिसायला लागल्या. पुढं सरकारनं परवानगी दिली आणि मंडळी ट्रकांत बसून गावी गेली. तो शेवटचा ट्रक हलला तेव्हा सुभाषशेठ पातेली मोजत होते. त्यांनी मान वर करून हात केला, आणि परत मोजायला लागले.

पेटी महामारी ओसरल्यावर आली. तिच्या उद्घाटनाला फीत कापायला कुणी पुढं होईना, तेव्हा त्यांनीच नारळ फोडला. मग आम्हाला कळलं की पेटी पोचवणं हे काम नव्हेच. खरं काम बटणापाशी असतं. मयतीच्या घरी माणसं जमतात, सगळ्यांचे मोबाईल उतरलेले असतात, आणि कुणीतरी भला माणूस, मनात काही वाईट नसताना, पेटीची पिन काढून तिथं आपला चार्जर लावतो. पहिल्याच वेळी हे घडलं. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून सुभाषशेठ पेटी घेऊन गेले की बटणाशेजारी स्वतःची प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. पिनेला मंडपाच्या झालरीची एक गुलाबी पट्टी गाठ मारून बांधलेली. कुणी चार्जर घेऊन आलं की हलक्या आवाजात म्हणायचे, "शंभर रुपये दंड." ओळख ना पाळख, दुःखाचं घर... मला पहिल्यांदा ऐकून कसंतरीच झालं. पण माणसं ओशाळून हात मागं घ्यायची, काहीजण हसायची देखील, आणि त्या घरात तेवढंच एक हसू असायचं. वाटेवरचा माणूस येईपर्यंत ते उठायचे नाहीत. चहा तिथंच, जेवायला नाही म्हणायचे. तो आला, पेटीपाशी गेला, की हे आपली खुर्ची घडी करून गुपचूप बाहेर.

त्यांची मुलगी अश्विनी जर्मनीत असते. फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका, मी येईपर्यंत बाबांना ठेवाल ना?" ठेवाल ना... मी हो म्हटलं. पेटी आम्ही त्यांच्याच टेम्पोतून त्यांच्याच घरी आणली. त्यांना आत ठेवलं, पिन लावली, आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण यापुढचं काम कुणाला माहीत नव्हतं. मी गोडाऊनमधून एक खुर्ची आणली आणि बटणापाशी टाकली. लोक येत होते, हार घालत होते, हळू आवाजात चौकशी करत होते. पुण्याहून आलेला वहिनींचा एक भाचा, चांगला शिकलेला, विमानाची वेळ बघता बघता मोबाईल उतरला म्हणून चार्जर घेऊन आला आणि खाली वाकून त्यानं थेट गुलाबी पट्टीला हात घातला.

"शंभर रुपये दंड," मी म्हणालो.

आवाज जरा मोठाच लागला. सगळ्या घरानं वळून बघितलं. भाचा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं खरंच पाकीट काढलं. आणि सकाळपासून भिंतीला टेकून बसलेल्या, डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या मंगलवहिनी एकदम हसल्या... हसता हसता पदर तोंडाला लावला आणि मग त्यांना आवरेना. मी नोट घेतली. मलाही त्या वेळी समोरचं नीट दिसत नव्हतं. डॉक्टरांनी आतून तुपाचा डबा आणून माझ्या पायाशी ठेवला. अश्विनी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. बॅग दारात टाकून ती सरळ बाबांपाशी गेली, काचेवर दोन्ही तळहात ठेवले. मी खुर्ची घडी केली आणि बाहेर आलो.

आता किल्ली माझ्याकडे असते. परवा पार लांब, हिवरे बाजारच्या बाजूला पेटी न्यावी लागली, तिथंही एक मुलगा वाटेत होता. पट्टीचा रंग पार उडालाय, गाठ मात्र घट्ट आहे. मी बटणापाशी बसलो. थोड्या वेळानं एक गृहस्थ हातात चार्जर घेऊन आलेच.