माळवदाखाली

क्वेट्ट्याला असताना जमीन हलली, की आम्ही बायका आधी फळीवरची भांडी धरायचो, देव मागाहून आठवायचा. हे तिथे रेल्वेत कारकून होते. लग्नानंतर मी सोलापूर सोडून त्यांच्याकडे गेले, तेव्हा पहिल्या धक्क्याला रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शेजारची पंजाबीण दुधाचं पातेलं धरून उभी होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. वर्षभरात मीही तिच्यासारखीच निर्ढावले. धक्का बसला की विस्तव झाकायचा, बाहेर पडायचं, घटकाभर गप्पा मारायच्या आणि परत आत येऊन भाजीला मीठ घातलं होतं की नाही ते आठवत बसायचं.

पस्तीस सालचा भूकंप मात्र भांडी धरण्यातला नव्हता. आम्ही तेव्हा रेल्वेच्या नव्या क्वार्टर्समध्ये राहायला गेलो होतो. ती घरं धक्के सोसतील अशीच बांधलेली, म्हणून आम्ही वाचलो. जुनं गाव सगळं पडलं. उजाडताच हे तिकडे धावले, ते दिवस मावळताना परत आले. अंगावर इतकी माती होती की क्षणभर मी ओळखलंच नाही. काय पाहिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पुढे रेल्वेने यांना रजा दिली, गाडीत बसवून दिलं आणि आम्ही सोलापूरला सासरच्या दारात येऊन उतरलो.

दारातच गाडं अडलं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मी आत गेले आणि हे उंबऱ्यापाशीच थांबले. वर बघत राहिले. आमच्याकडची घरं माळवदाची, म्हणजे लाकडी तुळया आणि त्यांवर हातभर मातीचा सपाट थर. "मी अंगणातच बसतो," एवढंच म्हणाले आणि लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसले.

सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगणात झोपणाऱ्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण हे दिवसाही आत येईनात. दाढी अंगणात, जेवण अंगणात. धूळ उडाली की डोक्यावर पंचा घेऊन तसेच बसून राहायचे. सासूबाई ताट बाहेर नेऊन ठेवायच्या आणि ते जेवेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. एक दिवस शेजारची एक बाई आडावर सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बायकांना चार दिवस बाहेर बसवत्यात. तुमच्या लेकाला कुणी बसवलंय की?" सासूबाईंनी घागर कमरेवर घेतली. घरी येऊन चुलीपुढे बसल्या आणि धूर नसताना डोळे पुसायला लागल्या. त्या बाईच्या अंगावर भरलेली घागर ओतावी असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं.

थोरले दीर शाळेत मास्तर होते. स्वभावाने वाईट नव्हते, पण घरातही वर्गात बोलल्यासारखं बोलायचे. "रजा संपली की नव्या जागी हजर व्हायचंय याला. कचेरी काय लिंबाखाली भरते? असाच बसून राहिला तर नोकरी जाईल, मग पुढं काय?" त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त लागायचं. यांनाही ऐकू जायचं. मान खाली घालून ते पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहायचे. एवढा उंचापुरा माणूस असा आक्रसून बसलेला बघवत नव्हता.

मग माझी बाहेर बसायची वेळ आली. त्या दिवसांत बायकांनी बसायचं ते अंगणाच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत. तिचं दार अंगणात उघडायचं आणि माळवद मात्र घराचंच, सलग. एरवी एकत्र कुटुंबात दिवसाउजेडी नवऱ्याशी दोन शब्द बोलायची सोय नव्हती. आता मी खोलीच्या उंबऱ्यात आणि हे लिंबाखाली. जवळ कुणी फिरकत नव्हतं. लग्न झाल्यापासून सासरी आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

तिथे त्यांनी मला सांगितलं. क्वार्टर मिळण्याआधी आम्ही गावात एका म्हातारीच्या घरी भाड्याने राहत होतो. ती माझ्या पदरात अक्रोड घालायची आणि मला तिची भाषा येत नाही म्हणून माझ्याशी मोठ्याने ओरडून बोलायची. हे तिच्या घराशी पोचले तेव्हा छप्पर एका अंगाला कललं होतं आणि ती आत जिवंत होती, बेटा बेटा म्हणून हाक मारत होती. एक माणूस सरपटत जाईल एवढी वाट होती.

"मी वाकलो. अर्धा आत गेलो, तेवढ्यात परत जमीन हलली," हे म्हणाले. "मी मागं आलो. मग छप्पर बसलं. मी तिला आलो, आलो म्हणत होतो."

 हात धरावा म्हटलं तर शिवायचं नाही. शेवटी म्हटलं, "तुम्ही आत गेला असता तर आज मी पांढऱ्या कपाळाने इथं बसले असते."

"ते खरं," ते म्हणाले. "पण ती हाक मारत होती."

त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि माळवदावर पांढरी माती घालायची राहून गेली होती. दरवर्षी नवा थर घालून धुमसाच्या जड ठोकळ्याने चोपला नाही, तर घर गळतं. माझी पाळी सरायच्या आतच दीरांनी माणसं बोलावली. यांना त्रास नको म्हणून त्यांनी आधी यांना सगळं समजावून सांगितलं, बाज उचलून अंगणाच्या पार टोकाला नेली. सासूबाई दोनदा विचारून आल्या. माझा विचार कुणी केला नाही. मीही केला नाही. मी म्हणजे भूकंपाला पुरून उरलेली बाई, अशी माझी ऐट होती.

मी खोलीत आडवी झाले होते. डोक्यावर पहिला दणका बसला आणि तुळयांच्या फटीतून माती माझ्या तोंडावर पडली. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दार सताड उघडं होतं, समोर ऊन दिसत होतं, आणि मी दाराकडे जायचं सोडून भिंतीच्या कोपऱ्यात शिरत होते. मी ओरडत होते म्हणे. वरून कुणीतरी हाक दिली, "बाई, भिऊ नगा, माती चोपतोय आमी." कळत होतं सगळं. तरी मी कोपरा सोडत नव्हते.

तेवढ्यात हे आत आले. अंगणाच्या त्या टोकापासून कसे आले, कुणास ठाऊक. वर पाहिलंसुद्धा नाही. मला काखेत धरून उचललं आणि बाहेर आणून लिंबाखाली बसवलं. आम्ही दोघंही धापा टाकत होतो.

"मालक, काम थांबवू का?" वरच्या माणसाने विचारलं.

यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नको. चालू दे."

सासूबाई पिठाचे हात घेऊन दारात उभ्या होत्या. लहानपणी यांना दटावत असतील त्याच आवाजात म्हणाल्या, "शिवलास ना तिला? आधी आंघोळ कर."

यांनी आडावर जाऊन दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. अंगणात ताट मांडून ठेवलेलं होतं. ओलेत्याने ते ताटाशी आले, थांबले, ताट उचललं आणि वाकून स्वयंपाकघरात गेले. चुलीपुढे आईसमोर बसले.

वर धुमस चालूच होता. सासूबाईंनी वाढलेल्या भाकरीवर वरून माती पडली. त्या भाकरी काढून घ्यायला गेल्या, तर यांनी तीवर हात ठेवला. म्हणाले, "राहू दे. आमटी वाढ."

अंगणातून मला सगळं दिसत होतं. दणका बसला की घास हातात थांबायचा, मग तोंडात जायचा. सासूबाई मान वर न करता वाढत होत्या आणि पदर डोळ्यांना लावत होत्या. मला आत जाता येत नव्हतं, म्हणून मी लिंबाखाली एकटीच मनसोक्त रडले.