आबांच्या डोक्यातली पाळी

देवळाली प्रवराच्या पलीकडे आमची शेती आहे आणि शेतात चार घरांची सामाईक विहीर आहे. मोटर एक आणि हिस्से कमीजास्त. आमचे तीन दिवस, चुलतभावाचे दोन, खालच्या एका घराचे दोन आणि दुसऱ्याचा एक. ऐकायला सोपं वाटतं. पण शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री, आणि मध्येच जाते. ज्याच्या पाळीत ती गेली त्याचे बुडालेले तास पुढे भरून द्यायचे, हा आमचा जुना रिवाज. शिवाय कोणाकडे लग्न निघालं की अदलाबदल. त्यामुळे आज पाणी कोणाचं, हे कॅलेंडर बघून कळत नाही.

ते माझ्या वडिलांना कळायचं. वहीबिही काही नव्हती. संध्याकाळी चारही घरांतलं कोणी ना कोणी आमच्या ओट्यावर येऊन विचारायचं, "आबा, उद्या पाळी कोनाची?" आबा बोटांची पेरं मोजायचे आणि सांगायचे. त्यावर वाद होत नसे. मग चहा व्हायचा, कांद्याच्या भावावर बोलणं व्हायचं, कोणाची तरी टिंगल व्हायची. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण आमचे आबा पंचाहत्तरी उलटली तरी पाळीत कधी चुकले नाहीत.

मी नगरमध्ये शाळेत शिकवतो आणि केडगावला राहतो. शनिवार-रविवार गावी जातो. मास्तर माणसाला दुसऱ्याचं काम सुधारण्याची खोड असते, ती मला जरा जास्तच आहे. तीनेक वर्षांपूर्वी मी मोटरीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला, चार घरांचा ग्रुप काढला आणि पाळीचा तक्ता त्यावर टाकायला लागलो. लाईट किती वेळ गेली तेही स्टार्टरवरून कळायचं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आबांना मी म्हणालो, "आता तुम्ही निवांत बसा. लई केलंत."

ते निवांत बसले. ओट्यावर येणारी माणसं कमी झाली आणि मग यायचीच थांबली. विचारायचंच काही उरलं नव्हतं. आबांना ऐकू कमी येतं हे त्याच सुमारास लक्षात आलं, कारण टीव्ही पार रस्त्यापर्यंत ऐकू जायला लागला. आम्ही त्यावर हसलो. मोठ्याने बोलायचा कंटाळा येतो म्हणून आम्ही त्यांच्याशी बोलणंही कमी केलं. हे कोणी ठरवून केलं नाही.

एकदा भर दुपारी आबा खांद्यावर फावडं टाकून दारं धरायला गेले. दारं धरायचं म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायचं. त्या दिवशी पाळी आमची नव्हती, मोटरही बंद होती. कोरड्या पाटात फावडं टेकवून ते तासभर पाण्याची वाट बघत उभे होते. आईने हाताला धरून घरी आणलं आणि मला फोन केला. "घरी आले तर मला म्हनाले, पानी अजून आलं न्हाई," एवढंच ती बोलली.

नगरच्या डॉक्टरांनी बरंच विचारलं. साखर, रक्तदाब, झोप, ऐकणं, चालणं. मग विचारलं, "दिवसभर काय करतात?"

"काही नाही," मी अभिमानाने सांगितलं. "आम्ही काही करूच देत नाही."

डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले की असं एकाच कारणाने होत नाही. वय असतं, साखर असते, कान असतात, माणसं तुटतात, डोक्याला काम राहत नाही. कोणत्याने किती झालं हे सांगता येणार नाही. गेलेलं सगळं परत येईल ही आशा धरू नका, आहे ते टिकवा. येताना गाडीत मी ही कारणं मनात पुन्हा मोजली. वय सोडलं तर बाकीच्यांत कुठे ना कुठे माझा हात होता. मला स्वतःची लाज वाटली.

कानाचं मशीन आणलं. साखरेची गोळी वेळेवर सुरू झाली. आणि चुलतभावाला मी सांगितलं, रोज संध्याकाळी येऊन आबांना पाळी विचारत जा, ते चुकले तरी हो म्हण, पाणी तक्त्याप्रमाणेच घे. तो इमानाने यायला लागला. आठ-दहा दिवस हे नाटक चाललं. मग एका रविवारी माझ्यासमोरच आबा त्याला म्हणाले, "तू मोबाईल बघून येतो आन् मग मला इचारतो. मी काय बारका हाय का?"

तो खाली बघायला लागला. मीही ओशाळलो. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी आनंद झाला, कारण त्यांनी आम्हाला पकडलं होतं.

मी तक्ता टाकणं बंद केलं, जुने पुसले, सगळ्यांच्या मोबाईलमधले पुसायला लावले. खालच्या घरातला म्हणाला, "मास्तर, आबा चुकले अन् माझा कांदा वाळला, मग?" मी म्हणालो, चूक झाली तर तेवढं पाणी माझ्या तीन दिवसांतून घ्या. आमचा गहू तेव्हा ओंबीवर होता. आईने माझ्याकडे बघितलं.

पुढच्या शनिवारी चुलतभाऊ आला. त्या आठवड्यात लाईट दोनदा गेली होती. "आबा, उद्या पाळी कोनाची?" या वेळी त्याला खरंच माहीत नव्हतं.

आबांनी पेरं मोजायला घेतली. तिसऱ्या घराशी अडखळले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले. आई दारात येऊन उभी राहिली. मला राहवेना. मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मलाही माहीत नाही. तीन वर्षं मीच तक्ता टाकत होतो, पण तो कधी माझ्या डोक्यात गेलाच नव्हता. मी बावन्न वर्षांचा. माझ्या साठीला अजून आठ वर्षं आहेत.

शेवटी आबा चुलतभावाला म्हणाले, "सकाळी तुझी. तुझं दोन तास बुडालंय, ते घे. मंग आमची." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बराबर हाय का रे?"

"मला नाही माहीत, आबा."

मग ओट्यावर सरकून त्यांनी जागा केली.

"मंग मास्तर कशाचा तू? बस हितं. पयल्यापासून सांगतो."