हरवलेलं पहिलं पान

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी सांगताना मध्ये कुणी हसलेलं मला चालत नाही.

तारापूरला मोठं बांधकाम निघालं तेव्हाची गोष्ट. तिथलं पाणी मचूळ, मजुरांना गोडं पाणी हवं. माझी बोईसरच्या अलीकडे गोड्या पाण्याची विहीर आणि दोन बैलगाड्या. पाणी पोचवायचं काम मिळालं नाही तर एक बैलजोडी बाजारात न्यावी लागणार होती. पण ठेकेदाराच्या कचेरीत अर्ज इंग्रजीत हवा. मी चौथी पास.

गावच्या गुरुजींनी तीन साधी वाक्यं लिहून दिली. म्हणाले, "नथू, यांना जोडशब्द लाव. 'अँड' नुसता ओढतो, कुठं जायचं ते 'देअरफोर' सांगतो. दोघं मिळून वाक्य पुढं नेतात." अँड देअरफोर, अँड ऑल्सो, बट स्टिल, अशा तीन जोड्या कागदावर उतरवल्या आणि ते एडवणला लग्नाला गेले.

जोडी म्हटल्यावर मला आणखी काय शिकवायचं? बैलांशिवाय गाडी निघते का? प्रत्येक वाक्यापुढं एक जोडी जुंपली. अँड देअरफोर, माझ्या दोन गाड्या आहेत. अँड ऑल्सो, विहीर गोड आहे. बट स्टिल, मी रोज पाणी आणीन.

शेवट तुटक वाटला. कुणाकडून उठताना आपण 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. म्हणून खाली आणखी एक 'अँड ऑल्सो' लिहून ठेवलं. नाव-गाव मागच्या बाजूला.

बायको म्हणाली, "गुरुजी येईपर्यंत थांबा की. तुमाला कुठं इंग्रजी येतंय?"

"बैल जुंपता येतात," मी म्हणालो.

आठव्या दिवशी बोलावणं आलं. हेडक्लार्कनं खुर्ची दिली, चहा मागवला. तिथंच मला शंका यायला हवी होती. गाडीवाल्याला खुर्ची?

तो हळूच म्हणाला, "भाऊ, तुमच्या अर्जाचं पहिलं पान आमच्याकडून हरवलं. शेवटचंही. दोन दिवस कपाटं उपसतोय. साहेब म्हणतात, पानं शोधा, नाहीतर घरी बसा."

मी तर एकच पान दिलं होतं. पण जे कळत नाही ते विचारायची मला सवय नाही. गप्प बसलो. त्याला वाटलं, चिडलो.

"पहिल्या पानावर काय होतं, तेवढं सांगता?"

"पुन्हा सांगू?"

तो उठून आत गेला, तो कामाचा कागद घेऊनच बाहेर आला. गावात मी गाडीवर उभा राहून शिरलो.

गुरुजी परतले. त्यांनी माझ्याकडची नक्कल वाचली आणि उपरणं तोंडाला लावलं. "अरे, 'आणि म्हणून' म्हणायला आधी काहीतरी असावं लागतं. पहिल्या वाक्याच्या मागं काय होतं?"

मागं बायको उभी होती. हसत.

तीन वर्षं पाणी पोचवलं. एक खेप चुकली नाही, एक बैल विकला नाही. हेडक्लार्क दिसला की मान खाली घालून म्हणायचा, "भाऊ, पान काही सापडलं नाही." खरं सांगायला जीभ वळली नाही. मी म्हणायचो, "शोधा."

काम संपलं तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हातानं इंग्रजीत दाखला लिहिला आणि सगळ्यांदेखत मला दिला. मी छाती काढून उभा. त्यातले पहिले दोन शब्द मला वाचता आले. अँड देअरफोर. मग शेवटचे दोन. अँड ऑल्सो.

मी विचारलं, "साहेब, याचं पहिलं पान?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"शोधा," म्हणाले.