मुरमाखालची काळी माती

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनीचे कागद सांभाळले, आणि स्वतः मात्र भाड्याच्या खोल्यांत राहिले. मारेगावहून निवृत्त होऊन ते यवतमाळला माझ्याकडे आले, तेव्हा मी शाळेत शिकवत होते. नवऱ्याचं घर सोडून मला चार वर्षं झाली होती. खोली दाखवताना लोक आधी आडनाव विचारायचे, मग नवरा कुठे असतो ते, आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगायचे. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे एकदाच येणार होते. त्यांतून लहानसं घर व्हावं आणि त्यांच्यामागे मला कुणी 'खोली खाली करा' म्हणू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

ती कापसाची वाईट वर्षं. गावाच्या कडेची वावरं एकामागून एक विकली जात होती आणि काल जिथे पऱ्हाटीचं पीक उभं होतं तिथे आज चुन्याच्या रेघा दिसत. जो तो प्लॉटचा एजंट झाला होता. आम्ही मात्र एजंटाच्या नादी न लागता सरळ एका कंपनीत गेलो. पंख्याखाली बसवून त्यांनी सरबत दिलं, जीपमध्ये घालून लेआउट दाखवलं. नकाशात बाग होती, मुलांचे झोके होते. ती बाग मला फार आवडली, हे आता कबूल करून टाकते.

वडील नकाशाला भुलणारे नव्हते. सातबारा, फेरफार, अकृषकचा आदेश, सगळं त्यांनी दोन दिवस चष्मा लावून वाचलं. एका खाडाखोडीवर सही नव्हती, तर कंपनीच्या माणसाला परत पाठवून ती आणवली. "असा साफ कागद मी नोकरीत नाही पाह्यला," म्हणाले. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

इसार द्यायला चार दिवस होते, तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी त्यांच्या ओळखीच्या एजंटाला आमच्याकडे धाडलं. साठीचा, लुनावरून फिरणारा माणूस. आधी कापूस बाजारात अडत्याकडे होता. बाजारात गाड्या येईनाशा झाल्या तसा प्लॉट दाखवू लागला. त्याच कंपनीचे प्लॉट तोही विकायचा. मला वाटलं, आला आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला. मी चहासुद्धा विचारला नाही.

त्यानं कागद उलटूनही पाहिले नाहीत. "तुमी तपासले म्हनजे चोखच असतीन बाबूजी," म्हणाला. "पन जमीन पाह्यली काय?"

"पाह्यली ना. जीपनं गेलतो."

"म्हनजे वरून पाह्यली. आमी बाजारात कापसाची गाडी वरून कदी पाह्यली नाही. वरते पांढराशुभ्र कापूस अन् बुडाले ओला. खांद्यापर्यंत हात घालाव लागते. प्लॉट घेऊन ठेवाचा हाये का राहाचं हाये?"

"राहायचं आहे," मी म्हटलं. "लगेच."

"मंग सकाळी चाला माह्यासंगं."

मे महिना होता. सकाळी आठलाच ऊन डोक्यात शिरत होतं. लुनाला खणायची सब्बल आणि फावडं बांधून तो आमच्या आधीच पोचला होता. आमच्याच प्लॉटच्या कोपऱ्यात त्यानं खणायला घेतलं. वीतभर लाल मुरूम निघाला आणि खाली काळीभोर माती लागली. तो खणत गेला, कमरेइतका खड्डा झाला, तरी काळीच. खड्ड्याच्या भिंतीत माझा अख्खा हात जाईल अशी भेग होती.

"मुरूम वरून टाकेल हाये," तो घाम पुसत म्हणाला. "हे माती पान्यात फुगते अन् उन्हात फाटते. तुमचा पाया तिले पुरनार नाही. दोन साल जाऊ द्या, भिंती फाटतीन. पाया खोल न्याव, तं पैसा जमिनीतच जाते, वरते काय बांधसान?"

वडिलांना राग आला. माझ्यावर, कंपनीवर, त्या माणसावरही. "हे कागदात कुठीच नाही," ते दोनदा म्हणाले. मग धोतर आवरून खड्ड्याच्या काठावर बसले आणि एक ढेकूळ हातात घेतलं. ते बोटांनी फोडत म्हणाले, "तीस वर्षं जमिनीचे कागद हाताळले. माती आज हातात घेतली."

मी एजंटाला विचारलं, "काका, हा प्लॉट गेला असता तर तुमचंही कमिशन होतं. मग सांगितलं कायले?"

"पोरी, तू राहाचं म्हनली ना," तो म्हणाला आणि खड्डा बुजवू लागला. मी आदल्या दिवशी त्याला चहा विचारला नव्हता. मला फार लाज वाटली. फावडं मागून घेतलं, तर त्यानं दिलं नाही.

पुढे दोन महिने त्यानं आम्हाला हिंडवलं. टेकडीकडच्या उतारावर एक लहान, वाकडा प्लॉट मिळाला. बाग नाही, झोके नाहीत, ऑटोवाले तिकडे यायला कुरकुर करायचे. पण दोन फुटांवर सब्बल खडकाला लागून खणकन वाजली, तेव्हा वडील मोठ्यानं हसले. त्यानं आडनाव विचारलं नाही, कमिशन ठरलं तेवढंच घेतलं, आणि पाया भरेपर्यंत रोज एक चक्कर मारली. खरेदीखत वडिलांनी माझ्या नावानं केलं.

त्या घरात ते सहा वर्षं राहिले. गेले तेव्हा आठवडाभर माणसांची ये-जा होती. मी सगळ्यांना पाणी देत होते, हो-नाही म्हणत होते, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. शेवटी तो म्हातारा एजंट आला. खुर्चीवर बसला. त्याची नजर खिडकीच्या कोपऱ्यावर, छताच्या कडेवर, दाराच्या चौकटीवर फिरत होती.

"काका, काय पाहून राह्यले?"

"भिंती," तो ओशाळून म्हणाला. "बाबूजी मले दर पावसाळ्यानंतर, तू शाळेत गेली का, बलवत होते. दोघंही मिळून सारं घर पाहो. या साली ते नाही, म्हून म्या एकलाच पाहून राह्यलो."

"एकही चीर नाही, काका," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर ओक्साबोक्शी रडले.