सबवूफरमधला बोळा

आमच्या घरच्या होम थिएटरचा बेस दुरुस्तीनंतर गेला, म्हणून सगळा आळ मिस्त्रीवर आला.

सबवूफर, म्हणजे जमिनीवर ठेवायचा तो मोठा काळा डबा, मधूनच बंद पडायचा. आमच्या ह्यांनी तो आर्णीला मिस्त्रीच्या दुकानात नेला. मिस्त्रीने आतली सुटलेली वायर जोडून दिली. कापूस वेचणीचे दिवस होते, त्यामुळे डबा चार दिवस कोणी लावलाच नाही. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग होता आणि कापूस आला की उंदीर येतात. डब्याला मागून वाटीएवढं गोल भोक आहे. उंदीर आत शिरून नवी जोडलेली वायर कुरतडेल, म्हणून मी त्यात कापसाचा बोळा लाटण्याने खोल दाबून बसवला.

मग ह्यांनी सिनेमा लावला. बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, पण ढोल वाजला की पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज. हे म्हणाले, "आतला चांगला स्पीकर काढून घेतला त्यानं. हलका बसवून देला." हेच ते चहाच्या टपरीवर चार माणसांत बोलले. मिस्त्रीचा धंदा विश्वासावर चालतो. गावातल्या दोघांनी आपले टीव्ही त्याच्याकडून परत आणले.

ते बोलणं कानावर गेलं तसा मिस्त्री स्वतःच गाडीवर आला. मी दाराच्या पडद्याआड उभी होते. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही.

त्याने बेसचं बटण फिरवून पाहिलं, वायरी तपासल्या, डबा भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला. कोपऱ्यात बेस वाढतो म्हणे. वाढला नाही.

"डबा फिरवून काय होते?" हे म्हणाले. "माल तर तुम्ही पयलेच फिरवला."

"भाऊ, तुमच्या समोर खोलतो. मंग बोला." त्याने शांतपणे पेचकस काढला.

त्याने पुढचा स्पीकर काढला. स्पीकर जुनाच होता. घर रंगवताना कडेला लागलेला पिवळ्या रंगाचा डागही तसाच. पण आत हात घातल्यावर त्याच्या मुठीत कापूस आला.

"हे पाहा!" हे ओरडले. "कापूस कोंबून देला! काहून केलं असं?"

मिस्त्रीने कापूस उजेडात धरला. "भाऊ, मागच्या भोकातून हवा खेळते, तवा बेस बनते. मी कायले बुजवीन ते?"

गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. घरात कापूस, डब्यात कापूस, तरी ह्यांच्या मनात माझं नाव आलं नाही. त्यांच्याच लक्षात यावं म्हणून मी थोडा वेळ थांबलेसुद्धा. त्याची मला अजून लाज वाटते.

मग पडदा सारला. "तो बोळा म्या घातला. उंदरासाठी."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीने उरलेला कापूस उपसला, स्क्रू आवळले, गाणं लावलं. पायाखालची फरशी धडधडू लागली.

हे हसत म्हणाले, "म्या म्हटलंच होतं, डबा चांगला हाय."

"डब्याचं राहू द्या, भाऊ," मिस्त्री म्हणाला. "आन् माह्या नावाचं?"

हे चहा ठेवायला सांगू लागले. मी जागची हलले नाही. "चहा टपरीवर घ्या," मी म्हणाले. "तिथंच बोलले होते तुम्ही. आता तिथंच सांगा."

एवढं मोठं वाक्य मी ह्यांच्याशी कधी बोलले असेन, आठवत नाही. ह्यांनी रागाने चपला घातल्या. दोघं एकाच गाडीवर गेले. परत आल्यावर हे थेट कापूस भरायला बसले. तिथं काय झालं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारणीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय वो, तुमच्या डब्यात बोळा तूच घातला म्हणते?"

बाया हसल्या. माझे कान तापले.

"हो, मीच," मी म्हणाले आणि पाण्याचा गुंड नळाखाली लावला. हे टपरीवर खरं बोलले होते तर.